आठ जणींची गाडी

आष्टीच्या बाजारपट्टीमागच्या गल्लीत दैवशालाची पिठाची गिरणी आहे. घराच्या पुढच्या खोलीतच ती बसवलेली, त्यामुळं घरात जायचं तर गिरणीच्या कडेनंच जावं लागतं, आणि दैवशालाच्या भुवयांवर बारा महिने पांढरी पूड असते. गिरणी चालू असली की शेजारी उभ्या बाईलाही ओरडून बोलावं लागतं. बंद झाली की घर एकदम मोठं वाटायला लागतं. म्हणून दळण संपलं तरी ती मोटर लगेच बंद करत नसे. डबा झाकायचा, फडकं झटकायचं, उगीच सुपातले गहू चिवडायचे, आणि मगच बटणाकडं हात जायचा.

तिचे मालक सर्जेराव आष्टी ते परतूर जीप चालवायचे. काही वर्षांमागं एका सकाळी जीप पुसता पुसता ते बोनेटवर टेकले ते टेकलेच. जीप विकली गेली. एकुलता एक मुलगा भागवत पुण्याकडं चाकणला कंपनीत. त्यानं आईला नेऊन पाहिलं, पण सून-मुलगा दोघं कामावर, दिवसभर दाराला आतून कडी. दैवशाला तिथं थोडे दिवस राहिली आणि गिरणीचं निमित्त काढून परत आली.

सर्जेरावांनी गावातल्या कितीतरी पोरांना गाडी शिकवली होती. शेवटची फेरी झाली की रिकामी जीप बाजाराच्या मैदानात न्यायचे आणि एकेकाला शेजारी बसवायचे. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा दैवशालानं एकदा म्हटलं होतं, "मला बी शिकवा की."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "शिकवू एखाद्या दिवशी," म्हणाले. तो दिवस काही निघाला नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नाही. त्या जीपमधून ती माहेरी गेली, दवाखान्यात गेली, लग्नांना गेली, पण मागच्या फळकुटावर, सगळ्यांच्या पायांत. पुढच्या जागा पॅसेंजरच्या असायच्या.

ते गेल्यावर दीड वर्षानं परतूरला बचत गटाच्या बायकांसाठी गाडी शिकवायचा वर्ग निघाला. गटातल्या बऱ्याच जणींनी हसत हसत नावं दिली आणि हसत हसतच काढून घेतली. दैवशालानं काढलं नाही. दुपारी गिरणीला कुलूप घालायची, एसटीनं परतूरला जायची, तिथल्या लहानशा कारवर तास घ्यायची आणि पाचच्या गाडीनं माघारी यायची. लायसन टपालानं आलं, तेव्हा ते दाखवायला घरात कुणी नव्हतं. तिनं पाकीट पोस्टमनच्या पुढ्यातच फोडलं आणि त्यालाच दाखवलं. तो म्हणाला, "फोटो चांगला आलाय, काकू," आणि सायकलवर टांग टाकून गेला.

मग ते लायसन कपाटात पडून राहिलं. गाडीच नव्हती, चालवणार काय?

यंदा ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात, आणि अधिकात गंगेवर जाऊन अंघोळ करावी, दिवा सोडावा, असं दरेक बाईच्या मनात असतं. एके दिवशी गिरणीवर बायका दळणाला खोळंबल्या होत्या. शेजारची कांताबाई होती, तिकडच्या आळीतली तरुण सून कौसल्या होती, समोरच्या घरातली म्हातारी सोनूबाई पायरीवर बसली होती, आणखी चौघी होत्या.

"शहागडला जाऊन येऊ की समद्या," कौसल्या गिरणीच्या आवाजात ओरडून म्हणाली.

"जाऊ, पण कशात?" कांताबाई म्हणाली. "धोंड्याचा म्हैना हाय. घरोघर जावई येऊन राह्यले. एक जीप रिकामी न्हाई, का एक डायवर जाग्यावर न्हाई. यष्टीनं जायाचं तर तीन ठिकाणी उतरा."

"मह्या गुडघ्यानं यष्टी व्हत न्हाई आता," सोनूबाई म्हणाली. "ऱ्हायलं मंग. पुढचा अधिक कुणी बघितला?"

दैवशालानं मोटर बंद केली. पट्टा फडफडत थांबला.

"नागसेनकडं व्हॅन हाय," ती म्हणाली. "भाड्यानं घेऊ. मी नेते."

मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. कांताबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि पिठाचा ढग उडाला. कोण कुठं बसणार, दशम्या कुणी करायच्या, चटणी कुणाची, सगळं तिथंच ठरलं. सोनूबाई म्हणाली, "मी दैवशालाच्या बाजूला बसन. मला वारा लागतो." कितीतरी दिवसांनी त्या खोलीत गिरणी बंद असताना एवढा आवाज होता. बायका गेल्यावर दैवशालानं कपाटातून लायसन काढून पदरानं पुसलं.

नागसेन गावात भाड्यानं गाड्या द्यायचा. दोन जीप आणि एक पांढरी व्हॅन. चाळिशीचा माणूस, आणि गाडी शिकला होता तो सर्जेरावांच्याच हाताखाली. दैवशाला दारात दिसली तसा तो उठून उभा राहिला. तिनं व्हॅन हवी म्हणून सांगितलं.

"वहिनी, गाडी देतो, पण डायवर न्हाई माह्याकडं. दोघं बी जावयांच्या भाड्यावर गेल्तेत, परवा येतेल."

"डायवर नको. मीच चालवणार हाय." तिनं लायसन पुढं केलं.

नागसेननं ते घेतलं, उलटून पाहिलं, परत सुलटं केलं. "हे कधी काढलं तुमी? भाऊला म्हाईत..." असं म्हणता म्हणता तो थांबला. मग म्हणाला, "व्हॅन चालवली का कधी?"

"न्हाई. कार चालवली. लहान."

"व्हॅनचं तोंड आखूड असतं. पुढं बोनेट दिसत न्हाई, एकदम रस्ताच दिसतो. भेव वाटतं पहिल्यांदा. अन् इंजन सीटाखाली हाय. उन्हाळ्यात बूड तापतं, सांगून ठुतो."

तो तिला गाडीभोवती फिरवून आणू लागला. हा ओरखडा जुना, हा दिवा बदललेला, ह्या दाराला जरा उचलून सरकवायचं, नाहीतर अडकतं. सगळं बोलता बोलता त्यानं मोबाईलवर गाडीचं चित्रण करून घेतलं. "तुमच्यावर भरोसा न्हाई असं न्हाई, वहिनी, समद्यांचंच घेतो." तेलाचा काटा दाखवला, स्टेपनी दाखवली, आधार कार्डाचा फोटो काढला. दैवशाला ड्रायव्हरच्या जागेवर बसली तर पाय क्लचला पुरेना. सीट पुढं ओढली तरी पुरेना. शेवटी नागसेनच्या बायकोनं एक जाड गोधडी घडी घालून पाठीशी दिली, तेव्हा कुठं जमलं.

"एक चक्कर मारू, चला," नागसेन म्हणाला.

बाजाराचं मैदान मोकळं होतं. पहिल्यांदा गाडी उसळली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती हळूच निघाली. खरंच पुढं काहीच नव्हतं. काच आणि काचेखाली लगेच जमीन, जणू ओट्याच्या टोकावर बसून कुणीतरी ओटाच पुढं ढकलतंय. मैदानाचे तीन वळसे झाले. रिव्हर्स टाकताना गिअर खरखरला. नागसेननं दात आवळले.

"घ्या," शेवटी त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. "पण बिलकुल घाई करू नका. मागचा हॉर्न वाजवून राह्यला तर वाजवू द्या. त्याला काय, त्याच्या हाताला काम न्हाई."

सकाळी उजाडताच दैवशालानं व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली. सीट पुसल्या, मागं पाण्याचा जार ठेवला, सरकता दरवाजा उघडून ठेवला. नवी नव्हे, पण घडी न मोडलेली साडी नेसली होती. अंगावर पीठ नव्हतं, तर तिला स्वतःचंच अंग ओळखीचं वाटेना.

पहिल्यांदा कौसल्याची लहान मुलगी आली. हातात पिशवी. "मम्मी येत न्हाई म्हणली. पप्पा न्हाई म्हणले. हे गंगेत सोडा म्हणली." पिशवीत कणकेचा दिवा, वात, हळदीकुंकवाची पुडी.

मग कांताबाई स्वतः आली, पण घरच्याच लुगड्यात, केस न विंचरता. ती दैवशालाकडं न बघता गाडीच्या चाकाकडं बघत बोलली. "अगं, आमच्या ह्यांचं डोस्कं दुखून राह्यलंय. अन् खरं सांगू का, म्हणले, दुसरा कोणता बी डायवर असंल तर जा. मी लई बोलले. माहा दिवा तेवढा घेऊन जा गं."

बाकीच्या चौघींच्या पिशव्या कांताबाईकडंच आल्या होत्या. तिनं त्या एकावर एक दैवशालाच्या हातात दिल्या.

सोनूबाई मात्र आली. काठी टेकत, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन. दैवशालानं तिला हाताला धरून पुढच्या जागेवर चढवलं. म्हातारीनं काच खाली करायला लावली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चाल आता. कुणाची वाट बघू नको."

दैवशाला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराकडं येते, तोच समोरच्या घरातून सोनूबाईचा मुलगा भुजंग दात घासतच बाहेर आला. ब्रश तोंडातून काढून तो कडेला थुंकला.

"आई, उतर."

"मी जाऊन राह्यले."

"उतर म्हणलं ना." मग तो दैवशालाकडं वळला, आणि त्याचा आवाज खाली आला. "वहिनी, राग मानू नका. तुमच्यावर अविश्वास न्हाई. पण हायवे हाय, ट्रका हायेत, म्हातारं माणूस हाय. उद्या काही कमी-जास्त झालं तर लोक मलाच म्हणतेल, अक्कल कुठं गेल्ती तुही?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. सोनूबाईनं एकदा समोर काचेतून रस्त्याकडं पाहिलं. मग तिनं पाय बाहेर काढले. भुजंगनं तिला अलगद खाली घेतलं. म्हातारीनं गाठोडं मात्र सीटवरच राहू दिलं.

"माह्या नावानं सोड," ती म्हणाली. "अन् दोन थेंब माह्या डोळ्याला लावाया आण."

दैवशालाला वाटलं, किल्ली नागसेनला देऊन टाकावी. गिरणी उघडावी. कुणी काही बोललं नसतं, उलट सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. पण गाडीत इतक्या जणींचे दिवे होते. तिनं ते एकेका सीटवर ठेवले, सांडू नयेत म्हणून मधे मधे टेकू दिले, आणि दरवाजा उचलून सरकवला. भुजंग अजून तिथंच उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत गाडी बंद पडू नये एवढंच तिनं देवाला मागितलं. गाडी बंद पडली नाही.

आष्टी मागं पडली. नांगरून पडलेली काळी रानं दोन्ही अंगांनी उघडी होती, ढेकळं उन्हाआधीच तापल्यासारखी दिसत होती. दैवशाला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती, इतकं घट्ट की बोटं भरून आली. प्रत्येक स्पीड ब्रेकरवर मागून दिव्यांच्या पिशव्यांचा खुळखुळाट व्हायचा आणि ती सवयीनं म्हणायची, "धरून बसा गं." दोनदा म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, मागं नुसत्या पिशव्याच आहेत.

पांढरी व्हॅन, मागच्या सीट रिकाम्या, त्यामुळं फाट्याफाट्यावर लोक हात करत होते. कुंभार पिंपळगावच्या अलीकडं एक जोडपं उन्हात उभं होतं, बाईच्या कडेवर पोर. दैवशालानं गाडी थांबवली. माणसानं खिडकीतून आत वाकून पाहिलं.

"तीर्थपुरी?"

"बसा की."

त्यानं पुन्हा आत पाहिलं. "डायवर कुठंय?"

"मीच."

त्याची बायको दाराला हात घालून चढायच्या बेतात होती. त्यानं तिला कोपराला धरून मागं घेतलं. "राहू द्या, बाई. मागून जीप येऊन राह्यली आमची." मागं रस्ता दूरपर्यंत मोकळा होता. दैवशालानं गिअर टाकला. आरशात ती बाई बराच वेळ गाडीकडं बघत उभी दिसत होती, मग वळणाआड गेली.

त्यानंतर कुणी हात केला तरी ती थांबली नाही.

तीर्थपुरीत आठवडी बाजार नव्हता, तरी चौकात दाटी होती. रिक्षा, हातगाड्या, मधेच उभा ट्रॅक्टर. मागच्याचा हॉर्न सुरू झाला तशी ती गडबडली आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. पानटपरीवरची दोन-चार माणसं बघायला लागली. एक जण म्हणाला, "अरे उतरा, ढकलू का?" आणि बाकीचे हसले. दैवशालाच्या कानशिलांवरून घाम उतरला. आत्ता शेजारी कुणी असती, कांताबाई असती, तर तिनं त्या टपरीवाल्यांना असं काही ऐकवलं असतं की त्यांची पानं खाली पडली असती. शेजारी नुसतं गाठोडं होतं. तिनं हँडब्रेक ओढला, डोळे मिटून दोन श्वास घेतले आणि पहिल्यापासून सगळं केलं. परतूरच्या वर्गात सांगायचे तसं. क्लच. गिअर. मग हळूच ॲक्सिलरेटर. गाडी निघाली.

गाव सुटलं आणि मोसंबीच्या बागा लागल्या. पुढं कालव्याच्या पुलापाशी एक म्हातारा मेंढपाळ रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, मांडीवर नुकतं जन्मलेलं कोकरू आणि पुढ्यात आडवी पडलेली मेंढी. त्यानं हात केला नाही. नुसतं गाडीकडं पाहिलं. दैवशाला थोडी पुढं गेली आणि थांबली. मागं यायचं तर रिव्हर्स घ्यावा लागला असता, म्हणून ती उतरून चालत आली.

"काय झालं, बाबा?"

"येली हाय रातच्याला. आडवं आल्तं पिल्लू. आता उठंना झालीय." म्हाताऱ्यानं मेंढीच्या पोटावर हात ठेवला. "मेंढरांचा वाडा आमचा शहागडच्या अंगाला गेला, हायवेजवळच्या रानात. मी हिच्यापाई मागं ऱ्हायलो. पोरगं येतो म्हणलं मोटरसायकल घेऊन, अजून न्हाई आलं."

"मी तिकडंच चाललेय."

नागसेनच्या सीट तिच्या मनात आल्या. मग तिनं पाठीची गोधडी काढली, मधल्या जागेत अंथरली आणि दिव्यांच्या पिशव्या मागच्या सीटवर सरकवल्या. दोघांनी मिळून मेंढी उचलून आत ठेवली. जनावर जड होतं आणि त्याच्या अंगाला चिकाचा, लोकरीचा, रक्ताचा वास होता. म्हातारा कोकरू घेऊन खाली, मेंढीशेजारीच बसला. ड्रायव्हर कुठाय, असं त्यानं विचारलं नाही. त्याचं नाव म्हस्कू.

गोधडी गेल्यामुळं दैवशालाला सीटच्या कडेवर येऊन बसावं लागत होतं. तरी आता तिला बरं वाटत होतं. मागून श्वास ऐकू येत होता.

"एवढी मोठी गाडी, एकलीच?" थोड्या वेळानं म्हस्कूनं विचारलं.

तिनं सांगितलं. गिरणीवर कसं ठरलं, सकाळी कोण काय म्हणालं, म्हातारीला कसं उतरवून घेतलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला, आणि मग एकदम बारीक झाला. म्हस्कू हुंकार देत ऐकत होता. सगळं झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "त्या न्हाई आल्या म्हणून आमाला जागा झाली, बाई." मग कोकराला म्हणाला, "झोप, झोप."

शहागडच्या अलीकडं रस्ता चढून हायवेला लागतो. चढावर पुढं एक ट्रक थांबला होता, तिला त्याच्या मागं थांबावं लागलं. मागं दुसरा ट्रक येऊन भिडला. पुढचा निघाला तशी तिनं ब्रेक सोडला आणि व्हॅन मागं घरंगळली. मागच्याचा हॉर्न कानात भोकं पाडत होता. तिनं पुन्हा ब्रेक दाबला.

"कड धर," म्हस्कूचा आवाज आला, मेंढरांना बोलावं तसा, जराही न वाढलेला. "घाई न्हाई. वाट कुठं जात न्हाई."

हँडब्रेक ओढून, इंजिनाचा आवाज जड होईपर्यंत थांबून, तिनं हँडब्रेक सोडला. गाडी जागेवरच थरथरली, क्षणभर लोंबकळली आणि चढ चढून हायवेवर आली. शेजारून एक लांबलचक ट्रक सुसाट गेला, त्याच्या वाऱ्यानं व्हॅन हलली. ती डाव्या कडेनं सावकाश जात राहिली.

थोडं पुढं म्हस्कूनं हात दाखवला. रस्त्याखालच्या रानात मेंढ्या दाटीनं उभ्या होत्या, घोडं होतं, बाजलं होतं, तीन दगडांवर जर्मनचं पातेलं होतं. त्याची बायको गोपिकाबाई पदर खोचून पळतच वर आली. आधी मेंढीकडं पाहिलं, मग कोकराकडं, मग नवऱ्यावर घसरली. "फोन कशाला दिलाय तुमाला? काल रातीपून जीव टांगला माहा. खाल्लं का काही? कुठं खाता, तुमाला कुठं ध्यान हाय!" बोलता बोलताच तिनं त्याच्या मुंडाशाला चिकटलेली काडी काढून टाकली. म्हस्कू मान खाली घालून ऐकत होता आणि त्याच्या तोंडावर हसू होतं.

"ह्या बाईनं आणलं," तो म्हणाला. "डायवरीण हाय."

गोपिकाबाईनं चहा घ्यायचा आग्रह केला. दैवशाला ऊन वाढतंय म्हणून निघाली. खरं म्हणजे तिला तिथं थांबवेना. त्या काडी काढणाऱ्या हाताकडं तिचं सारखं लक्ष जात होतं.

गंगेला पाणी कमीच होतं, मधल्या धारेत तेवढं वाहत होतं. काठावर बायकांचे जथेच्या जथे उतरले होते. हसणं, हाका, ओल्या साड्या. बाया एकमेकींना लुगड्याचा आडोसा धरून उभ्या होत्या, एक कपडे बदलायची, दोघी धरायच्या. दैवशाला पिशव्या घेऊन थोडी लांब, दगडांच्या बाजूला गेली. किल्ली कुठं ठेवावी तेही तिला कळेना. शेवटी पदराच्या टोकाला गाठ मारून ती तशीच, साडीसकट, पाण्यात उतरली. तीन बुड्या मारल्या. बाहेर आल्यावर अंगावरचं कापड अंगावरच वाळू दिलं. उन्हाला त्याचं काही जड नव्हतं.

मग तिनं दिवे काढले. वारा होता, आगपेटीच्या बऱ्याच काड्या गेल्या. एकेक दिवा द्रोणात ठेवून ती नाव घेत होती, मोठ्यानं, म्हणजे चूक व्हायला नको. कांताबाईचा. कौसल्याचा. सोनूबाईचा. काही दिवे काठाच्या गाळातच अडकले, तेव्हा गुडघाभर पाण्यात जाऊन तिनं त्यांना धारेकडं लोटलं. सगळे झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की घाईत स्वतःचा दिवा करायचाच राहून गेला. कणीक भिजवून ठेवली होती, ती घरी ओट्यावर तशीच होती.

तेवढ्यात भागवतचा फोन आला.

"आई, गिरणी बंद हाय का आज? आवाज न्हाई येत."

"शहागडला आले गंगेवर."

"कुणासंग?"

तिनं पाण्याकडं पाहिलं. "गल्लीतल्या समद्या जणी हाव. मज्जा करून राह्यल्यात."

"दे की कांताकाकूला, बोलतो."

"पाण्यात हायेत सगळ्या," ती म्हणाली. "निघाल्या म्हणजे सांगते तुहा फोन आल्ता म्हणून."

फोन ठेवल्यावर ती व्हॅनमध्ये येऊन बसली. आठ जणींच्या हिशोबानं तिनं केलेल्या दशम्या डब्यात होत्या. तिनं दोन खाल्ल्या. काठावर हात पसरून बसलेल्या एका म्हातारीला तिनं बाकीच्या दिल्या. सोनूबाईसाठी बाटलीत पाणी भरून घेतलं. सर्जेरावांचं नाव तिनं गंगेवर घेतलंच नाही. परतीच्या वाटेवर, बागांपाशी, एकदम म्हणाली, "तुमी शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं?" एवढंच. पुढचा रस्ता चांगला होता. गाडी एकदाही बंद पडली नाही, पण ते बघायला कुणी नव्हतं.

नागसेनच्या दारात तिनं व्हॅन उभी केली, बादली मागून घेतली, आतली लोकर आणि डाग धुऊन काढले. घाण झालेली गोधडी तिनं आपल्या पिशवीत घातली, धुऊन आणून द्यायला. नागसेन गाडीभोवती एक फेरी मारून आला. "बराबर," म्हणाला. मग वास घेऊन, "वहिनी, बकरं नेलं का काय?"

"पॅसेंजर होता," ती म्हणाली. तो हसला. त्या दिवसात तिच्या बोलण्यावर हसलेला तो पहिलाच माणूस.

संध्याकाळी गिरणी उघडल्यावर बायका आल्या. सोनूबाईनं पायरीवर बसून डोळ्यांना पाणी लावून घेतलं. बाकीच्यांनी आपापल्या दिव्याची चौकशी केली. लांब गेला का? विझला का? दैवशालानं सगळ्यांचे दिवे लांब गेले असं सांगितलं. चढावर काय झालं, तीर्थपुरीच्या चौकात काय झालं, कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं तिला जमलं नाही. कांताबाई जरा जास्तच बोलत होती, दळणाचा डबाही स्वतःच उचलत होती. सगळ्या गेल्यावर कौसल्या मागं रेंगाळली. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "काकू, क्लच म्हंजे कोणत्या पायाखाली असतो?"

"डाव्या," दैवशाला म्हणाली.

कौसल्यानं मान हलवली आणि डबा घेऊन गेली. पुन्हा तिनं काही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात एका दुपारी दैवशाला पुन्हा नागसेनकडं गेली. जावयांचा महिना सरला होता, गाड्या आणि ड्रायव्हर सगळे दारात होते.

"कोण कोण हाय, वहिनी?" नागसेननं विचारलं.

"कुणी न्हाई."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, खिळ्यावरची किल्ली काढली आणि दिली. या वेळी चित्रण केलं नाही.

तिनं गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. व्हॅन घेऊन ती परतूरच्या रस्त्यानं गेली, तिथून एका आडवाटेला वळली, एका बांधाजवळच्या लिंबाखाली थांबली. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. रानात एक औत चाललं होतं. सीटच्या खालून इंजिनाची ऊब येत होती. ती खिडकीवर कोपर ठेवून तशीच बसून राहिली, औत या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत, आणि परत येईपर्यंत. मग माघारी आली.

गिरणीचं दार उघडताना कांताबाई समोरून जात होती. "कुठं गेल्तीस गं? दोनदा येऊन गेले मी."

"इथंच," दैवशाला म्हणाली, आणि तिच्या हातातला ज्वारीचा डबा घेतला.